आईच्या वाटच्या अक्षता

बाळीवेस_१:
आईनं ब्रह्माकुमारींचा सात दिवसांचा कोर्स केला. तेव्हापासून लसूण बंद. सोलापुरात शेंगाचटणी बिनलसणाची! खलबत्त्यात आधी तिची वाटीभर कुटून निघते, मग आमची. चालतंय. माझी हरकत शिकवणीला आहे. शब्द सगळे आपले, अर्थ भलतेच. शिव म्हणजे शंकर नव्हे, ज्योतिबिंदू. गीता कृष्णानं नाही, शिवानं सांगितली. चार युगं मिळून ५००० वर्षं. पुराणांत एकट्या कलियुगाची ४,३२,०००. देव चराचरात नाही, परमधामात. वेगळा पंथ म्हणा की सरळ. गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला येते, पण अक्षता टाकत नाही.

हातमागवाला:
काय ओ, कुठल्या गावात राहून बोलताय? ज्यांची ही यात्रा, त्या सिद्धरामांनी अडुसष्ट लिंगं स्थापली, तळं खोदलं, आणि बसवण्णांच्या शरण मंडळीतले अल्लमप्रभू भेटल्यावर इष्टलिंगाकडे, तळहातावर धरून पुजायच्या लिंगाकडे वळले. शिवाचा अर्थ आपल्याकडं बाराव्या शतकातच बदलला. ब्रह्माकुमारींची लेखराज कृपलानींनी १९३० च्या दशकात सिंधमध्ये सुरुवात केली, १९५० ला मंडळी माउंट अबूला आली. बायका ब्रह्मचर्य पाळायला लागल्या म्हणून तिकडं केवढा गहजब झाला! आणि अक्षता कसल्या असतात हो? लग्न नको म्हणणाऱ्या सिद्धरामांच्या योगदंडाशी कुंभारकन्येच्या लग्नाच्याच ना?

बाळीवेस_१:
लग्नाचा मुद्दा मान्य. पण शरणांनी देव तळहातावर आणला, यांनी सूर्यचंद्रापलीकडं नेला. शिवाय अनुभवमंटपात, शरणांच्या चर्चासभेत, वाद चालायचा. मी केंद्रावर विचारलं, चौऱ्याऐंशी लाख योनींचं काय? तर माणूस माणसाच्याच जन्माला येतो, जास्तीत जास्त ८४ वेळा. एवढं बोलून हातावर टोली, म्हणजे प्रसादाची मिठाई ठेवली. विषय संपला.

सातरस्ता:
टोली तरी मिळाली. आमच्या महाराजांकडं प्रश्नच विचारता येत नाही.

कर्णिकनगर_ताई:
मी रोज पहाटे मुरलीला, केंद्रावरच्या प्रवचनाला जाते. ८४ की ८४ लाख, खरं सांगते, मी मोजत नाही. हे गेल्यावर गल्लीत हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. केंद्रावर गादीवर बाईच बसते, आणि पांढरी साडी सगळ्यांचीच. तिथं मला कुणी विचारलं नाही, कपाळ का मोकळं. ते हिंदू की नाही, तुम्ही ठरवा दादा.

हातमागवाला:
यावर बोला आता.

बाळीवेस_१:
ताईंना काय बोलणार. गीतेचं मात्र सोडत नाही, कृष्णाला बाजूला सारणं मला पटत नाही ते नाहीच.
यंदाही आई संमती कट्ट्यापर्यंत, अक्षता पडतात तिथपर्यंत आली होती. गर्दीत मला शोधून तिनं आपल्या वाटच्या अक्षता माझ्या मुठीत ओतल्या. दोघांच्या मीच टाकल्या.