मदत हवी आहे: तणमोर मोजणी, उजव्या कानाने ऐकू येत नाही, तरी जाऊ का?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, रामबागेत राहतो, वय ५६. पावसाळ्यात रतलामजवळ सैलान्याला आणि धार जिल्ह्यात सरदारपूरला तणमोरांची मोजणी होते. यंदा स्वयंसेवकांच्या यादीत माझं नाव आलंय आणि परवापर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे.

तणमोर म्हणजे आमच्या इकडचा खरमोर, माळढोकाच्या कुळातला. २०२१ पासून तो जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. एरवी गवतात बसला तर जवळून गेलात तरी दिसणार नाही. पावसाळ्यात मात्र नर काळा-पांढरा होतो, कानामागून तुरे फुटतात आणि तो गवतातून सरळ वर उडी घेतो, जवळजवळ माणसाच्या उंचीची. मादी अशा उड्या मारत नाही, दडून असते, म्हणून मोजायचे ते उड्या मारणारे नर. उडीबरोबर पंखांची खडखड आणि बेडकासारखा आवाज येतो. आवाज आला की तिकडे नजर लावायची.

माझं तिथेच अडतं. चार वर्षांपूर्वी उजवा कान गेला. डाव्याने स्वच्छ ऐकू येतं, पण आवाज कुठून आला ते कळत नाही. सगळंच डावीकडून आल्यासारखं वाटतं.

गेल्या श्रावणात ओळखीच्या चौघांबरोबर सरदारपूरकडे नुसतं बघायला गेलो होतो. आवाज आला, मी ठामपणे डावीकडे हात केला. सगळे त्या बांधावर वीस मिनिटं उभे. शेवटी मागच्या शेतातून एका शेतकऱ्याने हाक मारली, ‘अहो, तो तर इकडे उडतोय!’ वळलो तेव्हा एकच उडी हाती लागली. सोयाबीनच्या हिरव्यावर काळं अंग, मान मागे टाकलेली, पंखांवरचा पांढरा पट्टा लखकन चमकला आणि खाली गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंदाने, आणि चौघांचं बघणं माझ्यामुळे हुकलं म्हणूनही.

मोजणीत हे चालणार नाही. इतक्या थोड्या पक्ष्यांत एक सुटला किंवा एकच दोनदा लिहिला गेला तर तो फरक लहान नाही. ज्यांनी तणमोराची किंवा माळढोकाची मोजणी केली आहे त्यांनी सांगावं: मी जावं का, गेलो तर कोणतं काम घ्यावं, की जागा एखाद्या तरुणाला सोडावी? मन राखायला उत्तर देऊ नका.

प्रतिसाद १
जा. पण कानाचं आधी गटप्रमुखांना सांगा, लपवू नका.

तुम्ही एका उडीवर फार भार टाकताय. नराची जागा ठरलेली असते आणि तो तिथूनच दिवसात शेकडो वेळा उडतो, जास्त करून सकाळी आणि संध्याकाळी. म्हणजे पहिल्या आवाजाला चुकलात तरी पक्षी हातचा जात नाही. एका जागी उभं राहून ठरलेल्या पट्ट्यावर नजर ठेवणं हे डोळ्यांचं काम आहे, आणि पंधरा मिनिटं दुर्बिणीतून न हलता बघणारा माणूस मिळणं कठीण असतं. कान जोडीदाराचे वापरा.

दोनदा मोजलं जाण्याचा धोका कानामुळे नसतो, घड्याळामुळे असतो. उडीची वेळ आणि दिशा लिहा. शेजारच्या गटाशी घड्याळ आधीच जुळवून घ्या. एकाच वेळी दोन ठिकाणी उडी दिसली तर दोन नर, नाहीतर घाई करू नका. आणि काहीच दिसलं नाही तर ‘निरंक’ लिहा. लोकांना ते लिहायला लाज वाटते, पण त्याच नोंदींवरून पक्षी कुठून नाहीसा झाला ते कळतं.

प्रतिसाद २
गवतात शिरू नका, अंडी जमिनीवरच असतात. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावणं तर अजिबात नको. फोटो मिळाला तरी जागेचं नाव कुठेही टाकू नका.

प्रतिसाद ३
काका, मी धारची. तुम्हाला ज्याने हाक मारली तो शेतकरीच या मोजणीचा खरा कान आहे. तणमोर आता कुरणाइतकाच सोयाबीनच्या शेतातही उडतो, आणि तिथे रोज असतो तो शेतकरी. सैलान्याला तर खरमोराची खबर देणाऱ्याला वनविभाग बक्षीसही देत आला आहे. आम्ही कॉलेजची मुलं गेलो की लोक दोन शब्दांत बोळवतात. तुमच्या वयाचं माणूस बांधावर बसून माळवीत बोलायला लागलं की कुठे उडतो, कधीपासून, औषध कधी फवारलं, सगळं निघतं. ते काम मागून घ्या.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. गटप्रमुखांना फोन करून कानाचं सांगितलं. त्यांनी एका विद्यार्थिनीबरोबर माझी जोडी लावली आहे: ती ऐकेल, मी दुर्बीण आणि वही सांभाळेन, आणि दुपारी गावात चौकशी. काल सिरपूर तलावावर आम्ही सराव केला. आवाज आला की ती न बोलता माझ्या पाठीवर बोट टेकवते, बोट ज्या बाजूला त्या बाजूला मी वळतो. टिटवी, पाणकोंबडी, दोन्ही सापडल्या.

आता एकच राहिलं. पावसात शाई फुटते. भिजल्या कागदावर पेन्सिल चालते का, की इंदुरात कुठे न भिजणारी वही मिळते?