ट्रॅफिक कामिंग: रस्ता शांत की संथ?

उंबरठा:
सॅन फ्रान्सिस्कोतल्या रस्त्यांविषयी मराठीत लिहिते आहे, आणि दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. पहिला 'ट्रॅफिक कामिंग'. रस्त्याची आखणीच अशी करायची की चालवणाऱ्याला गाडी दामटावीशी वाटू नये: रस्ता अरुंद करायचा, मुद्दाम नागमोडी करायचा, चौकात पदपथ पुढे काढायचा, उंचवटे घालायचे. दुसरा 'सेल्फ ड्रायव्हिंग', म्हणजे आपली आपण चालणारी गाडी. पहिल्यासाठी 'वाहतूक शांतीकरण' असं वाचलं, पण मला लगेच वास्तुशांत आणि ग्रहशांतच आठवली. काय सुचतंय?

पायीपायी:
'शांत' नकोच. मराठीत रस्त्याच्या संदर्भात शांतता म्हटली की ती आवाजाची. रुग्णालयाजवळ 'शांतता क्षेत्र' अशी पाटी असते, त्यावर भोंग्यावर फुली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर, असा ध्वनिप्रदूषणाचा नियमच आहे. आता बघा, भोंगा न वाजवता साठच्या वेगाने गल्लीतून गेलेली गाडीही मराठी अर्थाने शांतच!

खडीसाखर:
गतिरोधक आहे की. एवढा काथ्याकूट कशाला?

मोजपट्टी:
गतिरोधक ही वस्तू झाली, उंबरठा विचारताहेत ते त्या सगळ्या खटाटोपाचं नाव. रस्त्यांचे मानदंड ठरवणाऱ्या 'इंडियन रोड्स काँग्रेस' या संस्थेची याविषयीची मार्गदर्शिका १९८८ साली आली तेव्हा ती फक्त गतिरोधकांची होती. रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर, म्हणजे गाडी साधारण ताशी २५ किमीने विनाधक्का जावी असा लांबट, गोलसर उंचवटा. (आपल्याकडे रातोरात उगवणारे डांबराचे उंचवटे या मापात बसतात का, हे तुमच्या कमरेला विचारा.) २०१८ साली तीच मार्गदर्शिका सुधारून आली ती थेट 'ट्रॅफिक कामिंग'च्या नावाने. म्हणजे कल्पना विस्तारली, हे अभियंत्यांनीही मान्य केलं. मराठी मात्र रोधकापाशीच थांबली.

'वेगनियंत्रक'ही वापरू नका. तो ट्रक-बसमधल्या स्पीड गव्हर्नरने आधीच अडवलाय.

तिसरा प्रहर:
'वाहतूक शमन' म्हणावं तर बंब आलासा वाटतो. 'विलंबित' मला लयीमुळे फार आवडला होता, पण 'विलंबित वाहतूक' म्हटलं की लोक लोकलची उद्घोषणा ऐकायला कान टवकारतील.

थोडं मुळाकडे जाऊ. इंग्रजी शब्द जर्मनमधून उचललेला आहे, 'फेरकेअर्सबेरुहिगुंग'. त्यातलं 'बेरुहिगन' म्हणजे शांतवणं, रडणाऱ्या मुलाला शांतवतात तसं. डच लोकांचा शब्द मात्र वेगळ्याच अंगाने जातो: 'वोनएर्फ'. 'वोन' म्हणजे राहणं, 'एर्फ' म्हणजे घराचं आवार, अंगण. डेल्फ्टमध्ये सुरू झालेल्या या प्रकाराला १९७६ साली नेदरलँड्समध्ये कायद्याने मान्यता मिळाली. तिथे पदपथ वेगळा नसतोच. मुलं अख्ख्या रस्त्यावर खेळतात आणि गाडीने पायी चालणाऱ्याच्या चालीने जायचं. त्याला 'अंगणरस्ता' म्हणायला काय हरकत आहे?

उंबरठा:
अंगणरस्ता सुरेख! घेतला. पण तो एका प्रकारच्या रस्त्याचा झाला, अख्ख्या विषयाला पुरणार नाही. इथे २०२० साली, कोविडच्या काळात, शहराने काही रस्ते 'स्लो स्ट्रीट्स' केले. आरपार जाणाऱ्या गाड्यांना बंदी, तिथे राहणाऱ्यांच्या गाड्यांना मुभा, बाकी रस्ता चालणाऱ्यांना आणि सायकलींना. त्यांना मी 'संथ रस्ते' म्हणते आहे.

पायीपायी:
संथ चांगला. 'संथ कारभार' म्हटलं की शिवी होते, पण वाहणाऱ्या गोष्टीला तो शोभतो. आणि वाहतूक वाहतेच. 'मंद'पेक्षा शंभरपट बरा.

मोजपट्टी:
मग 'वाहतूक संथ करणे' हेच नाव. 'संथीकरण' केलंत तर शासन निर्णयातही चालेल. पण माझी शंका वेगळी आहे. हे सगळे उपाय चालकाच्या मनावर चालतात. रस्ता अरुंद दिसला, झाडं जवळ आली, की माणूस आपोआप ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. गाडीला चालकच नसेल तर शांतवायचं कोणाला? ती पाटीवरची मर्यादा तशीही पाळणार. म्हणजे जो शब्द आपण घडवतोय तो घडेपर्यंत निकामी होणार?

उंबरठा:
याच प्रश्नावर माझा लेख आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात इथे एक गमतीदार बातमी गाजली. फिफ्टीन्थ अव्हेन्यू ही रहिवासी गल्ली. तिच्या टोकाशी वेमो या कंपनीच्या, आपल्या आपण चालणाऱ्या गाड्या दिवसभर एकामागून एक यायच्या, वळायच्या आणि आल्या वाटेने परत जायच्या. रहिवासी चक्रावले. कंपनीचं म्हणणं असं की पुढे लेक स्ट्रीटवर 'स्लो स्ट्रीट'च्या पाट्या आहेत, म्हणून गाड्या तिथून उलट फिरतात. म्हणजे गाड्या नियमात, आणि वेगाबद्दल तर कोणाची तक्रारच नव्हती. तरी गल्लीची झोप उडालीच.

तिसरा प्रहर:
अहो, यासाठी मराठीत सोन्यासारखा शब्द आहे: वर्दळ! त्या गल्लीत वाहतूक संथ होती, पण वर्दळ वाढली. 'कामिंग'मध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. माणूस चालवत होता तोवर ते खपून गेलं, कारण उंचवटे नि वळणं घातली की वेगही उतरायचा आणि कंटाळून लोक दुसरा रस्ताही धरायचे. यंत्राला कंटाळा नाही. मालकाला कचेरीत सोडून पार्किंगचे पैसे वाचवायला रिकामी गाडी तासभर गल्ल्यांतून फिरवता आली, तर ती मर्यादेतच फिरेल. उंचवटे तिला दहा वेळा ओलांडायला लावलेत तरी बिचारी हूं की चूं करणार नाही. म्हणून मराठीत एक शब्द शोधण्याचा हट्टच सोडा. वेगासाठी 'संथ करणे', संख्येसाठी 'वर्दळ रोखणे'. मोजपट्टींना उत्तरही तेच: पहिलं काम गाडीतली यंत्रणा करेल, दुसरं शहरालाच करावं लागेल. ते वळणांनी भागणार नाही, कोणत्या रस्त्यावर कोणाला मुभा आणि किती पैशाला, हे ठरवावं लागेल.

खडीसाखर:
किंवा बॉनेटवर रस्त्यावरचा तो नारिंगी प्लास्टिकचा कोन ठेवायचा. २०२३ च्या जुलैत तिथल्याच, या गाड्यांना विरोध करणाऱ्या आंदोलकांनी तो ठेवला की गाडी जागीच ठप्प व्हायची. याला गतिरोधक म्हणायला तरी तुमची हरकत नसावी.

उंबरठा:
😄 नाही. आता दुसरा शब्द. 'स्वयंचलित'?

पायीपायी:
तो ऑटोमॅटिक गिअरपासून हवामान केंद्रापर्यंत सगळीकडे वापरून झिजलाय. 'स्वयंचालित' केलंत तर मुद्रितशोधक तो काना इमानेइतबारे खोडून टाकेल. २०२० च्या डिसेंबरात दिल्ली मेट्रोची बिनचालकाची गाडी धावली तेव्हापासून 'चालकविरहित' ओळखीचा झालाय, तोच घ्या.

मोजपट्टी:
इथे नाही चालणार. २०२१ साली वेमोच्या त्या गाड्यांत चालकाच्या जागी माणूस बसलेला असे. गाडी आपली आपण चालत होती, पण चालकविरहित नव्हती. नंतर ती जागा रिकामी झाली, तिथून पुढे 'विनाचालक' म्हणा. त्याआधीच्या टप्प्यासाठी आणि एकूण प्रकारासाठी 'स्वचालक गाडी' करून पाहा: स्वतःच स्वतःची चालक असलेली.

खडीसाखर:
आपल्याकडे कोणाला लागणार आहे हा शब्द? अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही, चालकांच्या नोकऱ्या जातील, असं गडकरी २०२३ सालीच म्हणाले होते.

तिसरा प्रहर:
बंदी घालायची म्हटली तरी आदेशात काहीतरी लिहावं लागेलच ना!

उंबरठा:
वाक्य असं केलंय: 'स्वचालक गाड्यांमुळे रस्त्यावरचा वेग संथ होईल, पण वर्दळ वाढण्याची भीती आहे.'

पायीपायी:
वेग संथ होत नाही, कमी होतो. संथ होते ती वाहतूक. आणि 'रस्त्यावरचा' काढा, गाड्या अजून तरी तिथेच चालतात.