मुलांना खेळ नको नसतो, रांग नको असते
हल्लीच्या मुलांना पीटीच्या तासाला घामच गाळायचा नसतो असं तुम्ही म्हणताय, पण मला नाही पटत. चाळीस मुलं, चाळीस मिनिटं आणि चेंडू एक, म्हणजे एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिटभर, बाकी वेळ नुसतं उभं राहायचं आणि नंबर आला की सगळ्यांदेखत चुकायचं! मी एका मुलीला बघितलंय, रांगेत पुढे सरकली की बुटाची लेस सोडून परत बांधत बसायची आणि मागच्याला म्हणायची तू जा, तास संपेपर्यंत तिचा नंबर आलाच नाही. ती आळशी नव्हती हो, घाबरलेली होती.

बंकर आणि थॉर्प या इंग्लंडमधल्या, शारीरिक शिक्षण शिकवणाऱ्या दोघा प्राध्यापकांनी १९८२ मध्येच हे उलटं करून मांडलं, म्हणजे आधी ड्रिल घोटून मग खेळ असं नाही, तर आधी छोटं मैदान, तीनविरुद्ध तीन, सोपे नियम, थेट खेळच. खेळता खेळता पोरं अडतात, पास कुठे द्यायचा ते विचारतात, मग तंत्र शिकवायचं. तेव्हा ते डोक्यात बसतं, कारण गरज त्यांनाच पडलेली असते. आणि प्लीज, कॅप्टनना एकेक नाव घेऊन टीम निवडायला लावू नका, शेवटी उरणारं पोर ते वर्षानुवर्षं विसरत नाही.