भुसावळात २४ बाय ३६ ची स्क्रीनप्रिंट फ्रेम करायची आहे (मदत हवी आहे)

वरणगाव_फाटा

मंडळी, मुक्काम भुसावळ. सिनेमा आणि कॉमिक्सवरच्या लिमिटेड एडिशन प्रिंट्स जमवायचा नाद आहे. आजवर लहान मापाच्या घेतल्या, त्या फाईलमध्ये मावल्या. आता मात्र मोठी आलीये. २४ बाय ३६ इंच, सात रंगांची स्क्रीनप्रिंट (जाळीतून एकेका रंगाची शाई ओढून छापलेली), खालच्या पांढऱ्या पट्ट्यात पेन्सिलीने सही आणि ३७/१५०, म्हणजे १५० प्रतींतली ३७ क्रमांकाची. अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या मोंडो कंपनीने ज्या पर्यायी पोस्टरांची (सिनेमाच्या मूळ पोस्टरऐवजी चित्रकाराने नव्याने काढलेल्या) चटक लावली त्याच पठडीतली, पण आपल्याकडच्या चित्रकाराची, एका जुन्या हिंदी मारधाडपटावरची. तिरप्या उजेडात धरली की शेवटच्या काळ्या शाईचा थर कागदावर उठून दिसतो. एका कोपऱ्यात लाल रंग केसभर सरकलाय. हाताने शाई ओढल्याची खूण. मला तर तोच कोपरा सगळ्यात जास्त आवडतो.

आता अडचण. इथले फ्रेमवाले हाताचे साफ आहेत, पण त्यांचं रोजचं काम म्हणजे देवांच्या तसबिरी, सेवानिवृत्तीची मानपत्रं आणि लग्नाचे फोटो. एक म्हणाला, "लॅमिनेशन करून एमडीएफवर चिकटवून देतो भो, जन्मभर बघायला नको." दुसऱ्याने पट्टी लावून पाहिली आणि चारी बाजूंचा पांढरा भाग उडवला की तयार मापात बसेल म्हणाला. सही त्याच पांढऱ्या भागात आहे! ट्यूब काखोटीला मारून घरी आलो.

घराचंही सांगतो. वरचा मजला, मोकळी भिंत पश्चिमेची, मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि दिवसभर कूलर. कूलर लावला की टेबलावरचा पेपरसुद्धा मऊ पडतो. वर दीपनगरच्या वीज केंद्राची राख, ती खिडकी बंद असली तरी येतेच.

तर इथेच काही जमवता येईल की पुण्याला न्यावी? आणि आणखी एक: ऑनलाइन एक विक्रेता दुसरी एक प्रिंट देतोय. लिमिटेड आहे म्हणतो, प्रती किती विचारलं की नुसते हात जोडलेले इमोजी पाठवतो. घ्यावी का?

कागदकीडा

आधी ट्यूब उचलून आलात त्याबद्दल शाबासकी. लॅमिनेशन आणि चिकटवणं, दोन्ही परत फिरत नाही. त्या प्रिंटची मग पाटी होते, आणि उद्या विकायची म्हटली तर कोणी हात लावणार नाही. कडा कापल्या तरी तेच.

पुण्याला न्यायची गरज नाही. फ्रेमवाला भुसावळचाच ठेवा, आतलं सामान तेवढं तुम्ही द्या. ॲसिड-फ्री माउंट बोर्ड आणि मागे ॲसिड-फ्री फोमबोर्ड मागवून घ्या. साधा पुठ्ठा किंवा एमडीएफ कागदाला टेकला की काही वर्षांत तपकिरी डाग मारतो. प्रिंट टांगायची ती फक्त वरच्या कडेला, मागून, जपानी टिश्यूच्या (पातळ पण चिवट कागदाच्या) बिजागऱ्यांवर, गव्हाच्या स्टार्चची खळ लावून. फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर मुळीच नको. बाजूंना आणि खाली मोकळी सोडा. तुमच्याकडे कागद कूलरमध्ये फुगणार, कूलर बंद झाला की आकसणार. चारी बाजूंनी जखडलात तर मधोमध पोट काढेल, आणि ते पोट मग काही केल्या जात नाही.

काच प्रिंटला टेकता कामा नये. मध्ये माउंटची चौकट हवी किंवा कडेला स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी पट्टी. शाईचा थर जाड आहे म्हणता, दमट हवेत तो काचेला चिकटतो आणि सोडवायला गेलं की निम्मा रंग काचेवर येतो. या मापाला काच जडही होते, ॲक्रिलिक बरं. यूव्ही रोखणारं मिळालं तर उत्तम, पण त्याने रंग उडणं लांबतं, थांबत नाही. म्हणून पश्चिमेची भिंत विसरा. आतली एखादी भिंत शोधा आणि कूलरचा झोत तिच्यावर नको. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणं लावली की भिंतीशी हवा खेळती राहते आणि कसर कमी लागते.

घाई मात्र करू नका. पावसाळ्यात फ्रेम बंद केली तर ओल आतच कोंडते. दिवाळीनंतर करा.

काय_भो

भाऊ जळगाव जिल्ह्यात राहून ट्यूबची काळजी करतोय! आपल्याकडे पीव्हीसी पाईपांचे कारखाने कमी आहेत का? सहा इंची पाईप घे, दोन्हीकडे टोपणं लाव, दिवाळीपर्यंत आत ठेव.

कागदकीडा

@काय_भो, पाईप शेतात राहू द्या. 😀 कागदासाठी पीव्हीसी वाईट, कालांतराने त्यातून आम्ल सुटतं. प्लास्टिकच वापरायचं तर पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन. आणि गुंडाळी आता नकोच. चित्र वर करून ग्लासिन कागदावर (पातळ, गुळगुळीत कागद) पसरा, वर दुसरा ग्लासिन, त्यावर सपाट फळी आणि वजन. एक-दोन दिवसांत सपाट होते. इस्त्री किंवा उलटी गुंडाळी करू नका. नंतर पलंगाखाली दोन बोर्डांच्या मध्ये आडवी ठेवा.

सराफगल्ली

विक्रेत्याबद्दल माझे चार शब्द. प्रतींचा आकडा सांगत नसेल तर ती लिमिटेड नाही, विषय संपला. 'टाइम्ड एडिशन' म्हणत असेल तर गोष्ट वेगळी. त्यात ठरलेल्या मुदतीत जेवढ्या ऑर्डरी येतील तेवढ्याच छापतात, पण मुदत संपल्यावर आकडा जाहीर करतात.

प्रिंट हातात आलीच तर सोनाराचं दहा पटीचं भिंग लावून बघा. जळगावच्या सराफात कोणीही दोन मिनिटं देईल. स्क्रीनप्रिंटमध्ये रंग सलग आणि कडा स्वच्छ दिसतात. जिक्ले (भारी इंकजेट प्रिंट) असेल तर शाईचे बारीक विखुरलेले ठिपके. ऑफसेटमध्ये ठिपक्यांची फुलासारखी नक्षी दिसते, ती दिसली की समजायचं, पोस्टर आहे. जिक्ले वाईट नसते, चांगल्या कागदावरची पिगमेंट शाई टिकते. फक्त स्क्रीनप्रिंटच्या भावात घेऊ नका.

३७ आकड्यावर जाऊ नका, तो छापण्याचा क्रम असेलच असं नाही. लोक उगाच १/१५० साठी जास्त मोजतात. एपी म्हणजे आर्टिस्ट प्रूफ, त्या प्रती १५० च्या बाहेरच्या. किती काढल्या तेही विचारायला हरकत नाही.

नर्मदातीर

परदेशातून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा. कस्टम्सच्या दरसूचीतल्या ९७ व्या प्रकरणात 'ओरिजिनल प्रिंट' म्हणजे कलाकाराने स्वतः हाताने केलेल्या प्लेटवरून काढलेली. फोटो किंवा यंत्राच्या प्रक्रियेने केलेली त्यात बसत नाही. फोटो-स्टेन्सिलवर (फोटोच्या प्रक्रियेने जाळीवर उठवलेल्या चित्रावर) केलेली स्क्रीनप्रिंट त्यामुळे अडू शकते. कुरिअरवाल्याला आधीच विचारा, नाहीतर तो पार्सल साधं छापील चित्र म्हणून लावून बिल हातात ठेवतो आणि मग भांडत बसावं लागतं.

वरणगाव_फाटा

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला नाही कळवलं. त्यावरही हात जोडलेले इमोजीच आले. बोर्ड आणि टिश्यू पुण्याहून मागवतोय. आतल्या खोलीत कपाटाशेजारची भिंत निघाली आहे, घरच्यांनी तिथलं कॅलेंडर हलवायला कुरकुरत का होईना परवानगी दिली. आता ॲक्रिलिक. एवढ्या मापाचं सलग इथे कुठे मिळेल?

काय_भो

पाईप नको तर नको. दुकानांच्या पाट्या आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे जा, ते मोठी शीट आणून मशीनवर कापतात. तीन एमएम सांग, पातळ घेशील तर उन्हाळ्यात वाकेल. यूव्हीचं मात्र त्यांच्याकडे नसतं, ते बाहेरूनच मागवावं लागेल. आणि वरचा संरक्षक कागद फ्रेम बंद करायच्या क्षणापर्यंत काढू देऊ नको, राख बसली की पुसताना ओरखडे पडतात.