मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जाताना १६ तास आणि येताना १४ कसे?

सांगलीकर: आई-बाबा जूनमध्ये पहिल्यांदाच अमेरिकेला ताईकडे निघालेत. थेट विमान आहे. नेटवर अंतर साधारण १२,५४० किमी दिसतं. तिकिटावर जायला १६ तास, यायला १४. शिवाय निघायची वेळ रात्री २ आणि पोचायची त्याच तारखेला सकाळी ८:३०! बाबा म्हणतात, साडेसहा तासांत पोचतोय की. त्यांना मधुमेह आहे, गोळ्यांच्या वेळा सांभाळायच्यात, म्हणून विचारतोय.

एडिसनवासी: दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. साडेसहात ते मिळवा, झाले १६. नोव्हेंबरात इथली, अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात, मग फरक साडेदहाचा.

निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा: प्रश्न फार चांगला विचारलात. घरात पृथ्वीगोल असेल तर बाबांसमोर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. सपाट नकाशावर सरळ रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. ताणलेला दोरा मात्र मुंबईहून उत्तर-वायव्येकडे चढतो आणि आइसलँडच्या बाजूने खाली उतरतो. तुमचे १२,५४० किमी ते हेच.

पण विमानाला दोऱ्यावरून जाता येईलच असं नाही. हा दोरा पाकिस्तान आणि रशियावरून जातो. अमेरिकी विमानांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. त्यामुळे वळसा पडतो, कंपनीगणिक वेळ बदलते.

आता दोन तासांचा फरक. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, जेट प्रवाह. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किमीच्याही वर जातो. विमान ताशी सुमारे ९०० किमीने उडतं. न्यूयॉर्कहून येताना हा वारा पाठीशी, जाताना तोंडावर. वर्गात मुलांना हे सांगताना मला कायम आनंद व्हायचा: हवा दिसत नाही, पण तिकिटावर तिचे तास छापलेले असतात.

सांगलीकर: सर, मनापासून आभार! म्हणजे गोळ्यांसाठी १६ तासच धरायचे ना?

एडिसनवासी: १६ तास हवेतले. विमानतळावर तीन तास आधी पोचायचं, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग वेगळी. घर ते घर चोवीस तास सहज. गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चिठ्ठीसकट, आणि कोणती कधी ते डॉक्टरांकडून आपल्या वेळेप्रमाणे लिहून घ्या. काकांच्या मनगटावरचं घड्याळ उतरेपर्यंत बदलू नका. काकूंना चालायचा त्रास असेल तर व्हीलचेअर आत्ताच तिकिटावर नोंदवा.

निवृत्त भूगोल शिक्षक, सातारा: आणि दर दोन तासांनी उठून दोन-चार फेऱ्या मारायला सांगा. कडेची जागा मिळाली तर उत्तम.