शब्दचर्चा : मेम्ब्रेनवर ‘बसतं’, ‘चढतं’ की ‘धरतं’?

शंकेखोर : पाणी शुद्धीकरणावर मराठीत लेख लिहितेय. पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, थर साचून तो अडतो त्या ‘फाउलिंग’ला काय म्हणावं? ‘दूषण’ लिहिलं की वाचणारा प्रदूषणाकडे वळतो. ‘बायोफिल्म’ला (जिवाणूंचा चिकट थर) कोशात ‘जैवपटल’ मिळालं, पण मेम्ब्रेनलाही मी ‘पटल’च लिहिलंय. पटलावर जैवपटल!

नाममात्र : चोंदणे. नाक चोंदतं, गाळणी चोंदते. ‘तुंबणे’ नको, ते गटाराला.

पाणक्या : प्लँटवर आम्ही ‘मेम्ब्रेन चोक झाला’ म्हणतो, म्हणजे चोंदलाच. पण तो झाला परिणाम. कशानं चोंदला, यावर पुढची धुलाई ठरते. तिथे नाम शोधण्यापेक्षा क्रियापदं बघा, मराठीत ती आधीच वेगवेगळी आहेत.

कॅल्शियम कार्बोनेट, सल्फेट हे क्षार बसतात. कार्बोनेट असेल तर आम्लानं, साधारण २ पीएचला, निघून जातं.

कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून पाण्यात ह्युमिक आम्लं उतरतात, पाणी तांबूस दिसतं. त्यांचं किटण चढतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर तो या रेणूंना एकमेकांशी बांधतो आणि थर आणखी घट्ट होतो. याला अल्कली लागते, ११-१२ पीएचची. घाईनं आधी आम्ल सोडलं तर ह्युमिक आम्ल तिथेच साकळतं, मग बसा घासत. (घासता येत नाही, मेम्ब्रेन गुंडाळलेला असतो.)

आणि बायोफिल्म धरते, शेवाळ धरतं तशी. गाळणीतून निसटलेले थोडे जिवाणू चिकटतात, स्वतःभोवती शर्करा-प्रथिनांचा बुळबुळीत थर सोडतात आणि आत वाढत राहतात. क्षार आले तेवढेच बसतात, हे प्रकरण मात्र आपलं आपण वाढतं. क्लोरीननं मारावं तर आरओच्या मेम्ब्रेनचा पॉलिअमाइडचा थर क्लोरीननंच खराब होतो. म्हणून आत जाण्याआधी सोडियम बायसल्फाइट घालून क्लोरीन काढावा लागतो. त्यात क्लोरीन मोठे सेंद्रिय रेणू तोडून जिवाणूंना पचतील असे तुकडे करून ठेवतो. मारायला गेलो आणि जेवण वाढून आलो!

नाममात्र : ‘किटण’ऐवजी ‘राप’?

पाणक्या : राप म्हटलं की ऊन आणि धूर आठवतो. किटण बरं.

आखातकर : एक शब्द माझ्याकडून : चिकटा. २००८-०९ मध्ये इकडे ओमान-अमिरातीच्या किनाऱ्यावर कोक्लोडिनियम नावाच्या शैवालाची ‘लाल भरती’ (शैवाल बेसुमार वाढून पाणी लालसर होतं ती) आली होती. समुद्राचं पाणी गोडं करणारे काही प्रकल्प त्यात बंद ठेवावे लागले. आधीच्या गाळण्याच चोंदत होत्या, आणि शैवालाचा चिकट स्राव मेम्ब्रेनपर्यंत पोचेल ही धास्ती वेगळीच. ज्वारीवर पडतो तो चिकटा गावाकडच्यांना माहीत आहे, तोच शब्द इथे चालावा.

कोशवाली : ज्वारीवरचा चिकटा मावा या किडीमुळे पडतो, शैवालाशी संबंध नाही. पण पाझरलेला गोडसर चिकट पदार्थ हा अर्थ जुळतो. माझं मत हो.

पाणक्या : माझंही. जिवाणू ज्यात राहतात तो थरही चिकटाच. आणि शैवालाचा चिकटा आयता मिळाला तर तो खाऊन जिवाणू आपला वेगळा धरतात.

शंकेखोर : मग असं लिहिते : मेम्ब्रेन चोंदतो; क्षार बसतात, किटण चढतं, बायोफिल्म धरते. ‘बायोफिल्म’ तसंच ठेवते, ‘जैवपटल’ रद्द. आता ‘अँटिस्केलंट’?

नाममात्र : क्षाररोधक. पुढचं नवीन धाग्यात विचारा, नाहीतर हाही चोंदेल.