वापर तोच, मग युनिट दुप्पट कसे?

प्रश्न: घरात नवीन उपकरण आलेलं नाही, तरी या महिन्यात युनिट जवळपास दुप्पट. मीटर बदलायचा अर्ज करू का?

प्रतिसाद १: थांबा, आधी बिल नीट पाहा. चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी जुळतंय का? मागच्या महिन्यांत रीडिंग न घेता सरासरीने टाकलं असेल, तर तेव्हाची राहिलेली युनिटं आता एकदम येतात. बिल किती दिवसांचं आहे तेही मोजा.

प्रतिसाद २: रीडिंग बरोबर असेल तर मेन स्विच बंद करून मीटरचा लाल दिवा बघा. तरीही लुकलुकत राहिला, तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामधून कुणीतरी वायर घेतलीय, तिथे गळती आहे किंवा मीटरच बिघडलाय. तिथे स्वतः हात घालू नका, वीज कंपनीला कळवा.

दिवा थांबला तर सगळे एमसीबी (एकेका खोलीची किंवा लाइनची वीज तोडणारे छोटे स्विच) खाली पाडा, मेन चालू करा आणि एकेक एमसीबी चढवा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट (म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो) लिहिलं असेल आणि दर १० सेकंदांनी एकदा लुकलुकत असेल, तर भार साधारण ११२ वॅट. चोवीस तास चालला की महिन्याला ८० युनिट! बंद समजलेल्या खोलीत एवढं दिसलं की चोर सापडलाच.

प्रतिसाद ३: पाण्याचा पंप विसरू नका. फ्लशची टाकी सतत झिरपत असेल तर पंप जास्त वेळ चालतो, आणि १ एचपीचा पंप तासाला युनिटभर खातो. फ्रिजच्या दारात कागद धरून ओढा. सहज निघाला तर दाराचं रबर, म्हणजे गॅस्केट, गेलंय.